गाडीच्या वायरला जोड देताय? या चुका टाळा

नुसता पीळ मारून वर काळी टेप गुंडाळलेला सांधा दिसला की माझं डोकं फिरतं. उष्णतेने टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते, आत ओल शिरते आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. गाडीच्या हादऱ्यांनी पीळ सैल होतो तो वेगळाच.

अशीच एक गाडी आली होती. पाऊस लागला की चालता चालता बंद पडायची. मालकाने फ्युएल पंप बदलला, रिले बदलला, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून एक सेन्सरही. वायर अखंड असल्याचं सांगणारी मल्टिमीटरची बीप मात्र दर वेळी वाजायची. वाजणारच! वायरीतली एकच तार शाबूत असली तरी बीप वाजते, कारण तपासताना करंट नावापुरताच जातो. पंप चालू ठेवून मोजलं, तेव्हा एका जागी तब्बल 3 व्होल्ट खाल्ले जात होते. गालिचा उचलला, तर खाली पिळाचा जोड. अलार्म बसवणाऱ्याने घाईत पंपाची वायर कापून तशीच गुंडाळली होती.

चांगल्या जोडावर 0.1 व्होल्टही पडू नये. लोड, म्हणजे त्या वायरीवरचा पंप किंवा दिवा, चालू ठेवून हे मोजल्याशिवाय मी काहीही झाकत नाही.

माझी सवय सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढायची. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आकसणारी नळी, जोडाआधीच ओवायची. कनेक्टर वायरच्या मापाचा घ्यायचा आणि क्रिम्पिंगच्याच (कनेक्टर वायरवर दाबून बसवायच्या) पकडीने दाबायचा; साध्या पकडीने चेपलेला सुटतो. मग जोरात ओढून बघायचं. स्लीव्ह तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंद डोकावला पाहिजे. शेजारच्या वायरींचे जोड एकाच रेषेत नकोत, मागेपुढे ठेवा.

सोल्डर चालतं, पण ते जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर हलणार नाही अशी बांधून घ्या.

वाढवलेली वायर मूळ वायरीपेक्षा बारीक नको. 55 वॅटचे दोन हॅलोजन दिवे सुमारे 9 अँपिअर ओढतात. तेवढ्या करंटला 0.5 चौरस मिमीची 4 मीटर वायर सव्वा व्होल्ट खाते आणि उजेड जवळपास एक तृतीयांश घटतो.

घरच्या वायरिंगची एकसंध, जाड तार गाडीत घालू नका.

फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकणं म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणं.

एअरबॅगच्या पिवळ्या वायरीत स्वतः जोड देऊ नका.