नसबंदीनंतर कुत्रीच्या टाक्यांची पावसाळ्यातील काळजी

गोव्यातील पावसाळ्याच्या दमट हवेत नसबंदी झालेल्या कुत्रीची जखम ओलसर राहण्याचा आणि माश्या बसून तीत अळ्या पडण्याचा धोका असतो. म्हणून पहिले 10 ते 14 दिवस तिला अंघोळ घालू नये, अंगणात मोकळे सोडू नये आणि टाके चाटता येऊ नयेत यासाठी गळ्यातील शंकूच्या आकाराची कॉलर रात्रीही काढू नये, तिची केविलवाणी नजर पाहून कितीही जीव तुटला तरी. किंचित सूज स्वाभाविक असते. पू, दुर्गंधी किंवा उसवलेले टाके दिसल्यास मात्र त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. हिरड्या पांढुरक्या पडून ती निपचित झाली, तर आतील रक्तस्राव संभवतो. तेव्हा क्षणाचाही विलंब नको. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेन, तिला कदापि देऊ नयेत.