चार कौन्सिलं आणि एक सोबोर

परिच्छेद सहा ओळींचा होता. इंग्रजीतून रशियनमध्ये न्यायचा. विषय होता १९६१ साल आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्च जागतिक चर्च परिषदेत कसं सामील झालं ते. त्या सहा ओळींत ‘कौन्सिल’ हा शब्द चार वेळा आला होता आणि मी चारही ठिकाणी ‘सोबोर’, म्हणजे चर्चची धर्मसभा, असं लिहिलं. खरं तर लिहिलंही नाही. आदल्या आठवड्यात कॅट टूलच्या (अनुवादाला मदत करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) शब्दसंग्रहात ‘कौन्सिल = सोबोर’ अशी नोंद मीच करून ठेवली होती. टूल सुचवत गेलं, मी एंटर दाबत गेले.

चार दिवसांनी फाइल परत आली. काम देणाऱ्या एजन्सीच्या मॉस्कोतल्या संपादक बाई सत्तरीच्या, जुन्या वळणाच्या. त्यांनी चारही सोबोर लाल केले होते आणि समासात चार वेळा एकच प्रश्न लिहिला होता: ‘कोणाचा?’

मी आधी चिडले. दोन सोबोर तर बरोबर होते, मग त्यांना लाल का? बऱ्याच उशिरा लक्षात आलं की बरोबर आलेले दोनही मी ओळखून लिहिले नव्हते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली होती, आणि बाईंना ते दिसत होतं.

हे लिहितेय ते रशियन बऱ्यापैकी येणाऱ्यांसाठी. विभक्त्या, क्रियापदांच्या जोड्या वगैरे येतात असं धरून चालते. चर्चचा मजकूर सहसा कोणी मागून घेत नाही, तो गळ्यात पडतो. पडला की शब्द ओळखीचे वाटतात, आणि तिथेच माती खाल्ली जाते.

तर ती चार कौन्सिलं. कंटाळा आला तरी वाचा, कारण सगळा घोळ इथेच आहे.

पहिलं, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, म्हणजे वरची जागतिक चर्च परिषद. १९४८ साली अ‍ॅम्स्टरडॅमला स्थापन झालं. हा ‘सोव्येत’. हो, ज्याला आपण मराठीत सोव्हिएत म्हणतो तोच शब्द. अर्थ सल्ला, आणि सल्ल्यासाठी बसलेलं मंडळही. वेगवेगळी चर्चेस प्रतिनिधी पाठवतात, चर्चा करतात, पण तिथला ठराव कोणावरही धर्माज्ञा म्हणून बंधनकारक नाही. त्याला ‘सोबोर’ म्हटलंत तर ऑर्थोडॉक्स वाचकाला वाटेल की सगळ्या पंथांनी एकत्र बसून श्रद्धेचा निवाडा केला. तसं म्हणणारा माणूस त्याच्या लेखी पाखंडी.

दुसरं, जुलै १९६१ मध्ये त्रोइत्से-सेर्गियेवा लावरा या मठात भरलेली बिशपांची सभा. तिने सामील व्हायला मान्यता दिली. हा खरा सोबोर, ‘आर्खियेरेय्स्की सोबोर’. बिशप एकत्र येतात आणि चर्च स्वतःच्या अधिकारात बोलतं.

तिसरं, कौन्सिल फॉर रशियन ऑर्थोडॉक्स चर्च अफेअर्स. आता सावरून बसा. हे सरकारी खातं. स्टालिनच्या काळात, १९४३ साली चर्चवर नजर ठेवायला काढलेलं, आणि त्याचा पहिला अध्यक्ष राज्य सुरक्षा खात्याचा अधिकारी. हाही ‘सोव्येत’. मी त्याचा सोबोर केला. म्हणजे पाळत ठेवणाऱ्या कचेरीला मी बिशपांची पवित्र सभा करून टाकलं! ज्यांच्या घरच्यांनी ते दिवस भोगले त्यांच्यासमोर ते वाक्य गेलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून मला आजही कसंतरी होतं.

चौथं, ऑक्टोबर १९६२ मध्ये उघडलेलं दुसरं व्हॅटिकन कौन्सिल. मॉस्कोचे निरीक्षक तिथे हजर होते. परिच्छेदात ते ‘येऊ घातलेलं’ म्हणून आलं होतं. कॅथलिकांचं असलं तरी रशियनमध्ये ते सोबोरच: ‘व्तोरोय वातिकान्स्की सोबोर’. इथे पंथ बघायचा नसतो, सभेचं स्वरूप बघायचं असतं. बिशप जमलेत का आणि सिद्धान्त किंवा शिस्त ठरवतायत का? मग सोबोर.

आणि हो, रशियन चर्चला प्रत्यक्ष प्रवेश मिळाला तो नोव्हेंबर १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या आपल्या दिल्लीतल्या असेंब्लीत. तिला मी ‘सोब्रानिये’ केलं होतं, म्हणजे थोडक्यात हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा. शब्द आहे ‘असाम्ब्लेया’. त्यावर बाईंनी काही लिहिलं नव्हतं, नुसतं खोडलं होतं.

उलट दिशेने, म्हणजे रशियनमधून इंग्रजीत जाताना, हाच शब्द दुसऱ्या बाजूने चावतो. सोबोर म्हणजे सभा आणि सोबोर म्हणजे मोठं चर्च, कॅथीड्रल. मराठी माणसाला याचं नवल वाटायला नको. आपली ‘चावडी’ही इमारत असते आणि ‘चावडी बसली’ म्हणताना तिथे जमलेली माणसंही असतात. १९१७ च्या ऑगस्टमध्ये क्रेमलिनमधल्या उस्पेन्स्की सोबोरात पोमेस्तनी सोबोर, म्हणजे अख्ख्या रशियन चर्चची सभा, उघडला. एकाच वाक्यात दोन सोबोर, एक दगडाचा आणि एक माणसांचा. मोठं अक्षर मदत करतं, पण नेहमी नाही. पुढे त्याच सभेने पॅट्रिआर्कचं, म्हणजे चर्चप्रमुखाचं, पद पुन्हा सुरू केलं आणि चिठ्ठी काढून तीखोन यांची निवड केली. ती चिठ्ठी निघाली ज्या इमारतीत, तिला इंग्रजीत कॅथीड्रल ऑफ क्राइस्ट द सेव्हियर म्हणतात आणि रशियनमध्ये मात्र ‘ख्राम’. घ्या.

तिसरा सोबोर सणाचा. ‘आर्खान्गेल्स्की सोबोर’ ही क्रेमलिनमधली इमारत. ‘सोबोर आर्खिस्त्रातीगा मिखाईला’ हा देवदूत मायकेलचा २१ नोव्हेंबरचा सण, इंग्रजीत सिनॅक्सिस. मी एकदा एका माणसाला मायकेलच्या सणाऐवजी मायकेलच्या कॅथीड्रलमध्ये जन्माला घातलंय. तेही छापून आलं.

आता सिनोद, थोडक्यात. रशियन कानाला सिनोद म्हणजे कायमचं छोटं मंडळ. झार पीटरने पॅट्रिआर्कपद रिकामं ठेवून १७२१ मध्ये सिनोद नेमला, तेव्हापासूनची सवय. त्यामुळे इंग्रजी लेखक प्राचीन सभेला ‘सिनड’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा रशियनमध्ये सोबोरच करावा लागतो. प्रोटेस्टंटांचा मात्र सिनोदच राहतो. नेदरलँड्समधल्या डॉर्टची १६१८-१९ ची सभा ‘दोर्द्रेख्त्स्की सिनोद’ असते.

घाबरू नका. कटकटीचे शब्द पाऊणशेच्या वर नाहीत. पण शब्दकोशातून घोकू नका, कारण शब्दकोश फक्त शब्द देतो आणि बाईंनी विचारलं होतं ‘कोणाचा’. माझ्या तक्त्यात आता तीन रकाने आहेत: इंग्रजी, रशियन आणि मधे ‘बोलतंय कोण’. मधला रकाना रिकामा असेल तर ती नोंद मी वापरत नाही. दुसऱ्याचे तयार शब्दसंग्रह फुकट मिळतात, तेवढ्याच लायकीचे असतात. हे माझं मत झालं, मैत्रिणींना पटत नाही.

मधला रकाना कसा काम करतो ते ‘लोकल चर्च’वर बघा. कॅथलिक लेखक ते लिहितो तेव्हा त्याच्या मनात एका बिशपचा धर्मप्रांत असतो. ऑर्थोडॉक्स माणूस ‘पोमेस्तनाया त्सेर्कोव’ म्हणतो तेव्हा अख्खं स्वतंत्र चर्च: रशियन, सर्बियन, रुमानियन. दोघे एका टेबलाशी बसले आणि तुम्ही शब्दाला शब्द ठेवलात, तर एक जण जिल्ह्याबद्दल बोलतोय आणि दुसरा देशाबद्दल, हे दोघांनाही जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळत नाही.

‘एक्युमेनिकल’ही तसंच. ३२५ ची निकियाची किंवा ४५१ ची खाल्किदोनची धर्मसभा असेल तर ‘व्सेलेन्स्की’. विसाव्या शतकातली पंथापंथांत सलोखा करणारी चळवळ असेल तर ‘एकुमेनिचेस्की’. निकियाला एकुमेनिचेस्की केलंत तर सम्राट कॉन्स्टंटाइन आंतरपंथीय चहापानाला बसल्यासारखा दिसतो. आणि ‘खाल्किदोन’च लिहायचं, ‘चाल्सेडोन’ नाही. ग्रीक नावं रशियनमध्ये बायझंटाइन उच्चाराने आली आहेत. अथॅनेशियस तिथे ‘अफानासी’ असतो आणि बेसिल ‘वासीली’.

कौन्सिलचा ‘कॅनन’ म्हणजे ‘प्राविलो’, नियम. ‘कानोन’ लिहिलंत तर चर्चमध्ये गायचं दीर्घ स्तोत्रही डोळ्यांसमोर येऊ शकतं.

सगळ्यात जास्त जीव घेतला तो खाल्किदोनच्या व्याख्येने. ख्रिस्ताचे दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव एकत्र कसे, हे तिथे चार नकारांनी सांगितलंय. इंग्रजीत पहिला नकार ‘विदाउट कन्फ्यूजन’. एका विद्यार्थ्याने माझ्यासमोर ‘बेज पुतानित्सी’ केलं, म्हणजे ‘गोंधळ न करता’. मी हसले नाही, कारण पाच वर्षांपूर्वी मीही तेच केलं असतं. इथलं कन्फ्यूजन डोक्यातलं नाही, भांड्यातलं आहे: दोन द्रव एकमेकांत ओतून तिसरंच काही बनणं. रशियन शब्द ‘नेस्लित्नो’. त्यात ओतण्याचा धातू सरळ दिसतो. पुढचे तीन ‘नेइज्मेन्नो, नेराज्देल्नो, नेराज्लुच्नो’. हे चार शब्द स्वतः ‘सुधारायला’ जाऊ नका. यांवरून चर्चेस फुटली आहेत. तुमच्या शैलीची तिथे कोणाला गरज नाही.

गुरूबद्दल सगळे विचारतात. रशियन शिकवणाऱ्या आमच्या बाई उत्तम होत्या, पण चर्चचं नाव काढलं की विषय बदलायच्या. त्यांची सगळी भाषा सोव्हिएत काळातली. चर्चमधले लोक प्रेमाने समजावतात, पण फक्त स्वतःच्या चर्चची बाजू. कौतुक करणाऱ्यापेक्षा समासात ‘कोणाचा?’ लिहिणारा एक चिडका वाचक मिळाला तर सोडू नका. पैसे कमी मिळाले तरी. (मला कमीच मिळाले. त्या परिच्छेदाचे तर कापले.)

यंत्रावर सगळं सोपवणाऱ्यांना एकच सांगते: सहा ओळींतलं तिसरं कौन्सिल सोव्येत आहे हे ओळखायला १९४३ माहीत असावं लागतं. यंत्राला ते माहीत असेलही, पण खात्री तुम्हालाच करायची आहे आणि नाव तुमचंच जाणार आहे.

तरी हे काम मी सोडलेलं नाही. गेल्या महिन्यात चित्रांच्या मथळ्यांची फाइल आली. एका आयकॉनचं (ऑर्थोडॉक्स धर्मचित्राचं) नाव होतं ‘प्रेदवेच्नी सोव्येत’. जगाच्याही आधीचा, पवित्र त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांचा, सोव्येत. मी ‘इटर्नल कौन्सिल’ लिहिलं. संपादक बाईंनी ‘कौन्सिल’खाली रेघ मारली आणि शेवटची अक्षरं बदलून ‘कौन्सेल’ केलं: सभा नव्हे, संकल्प. पण इंग्रजीत दोन्ही रूपं छापलेली मी पाहिली आहेत. तिघं बसून विचारविनिमय करतात, की तिघांचा एकच संकल्प आहे? मधला रकाना भरलाय, बोलतंय कोण ते पक्कं माहीत आहे, आणि तरी ठरत नाहीये. फाइल अजून माझ्याकडेच आहे, शुक्रवारपर्यंत मुदत.