आय-जेलवर थिसिस करताय? आधी ‘प्रयत्न’ कशाला म्हणायचं ते ठरवा

सोलापुरात भूलशास्त्राचं एमडी करताना माझा थिसिस आय-जेल आणि प्रोसील एलएमए या, भूल दिलेल्या पेशंटचा श्वासमार्ग मोकळा ठेवायला तोंडातून घशात बसवायच्या दोन उपकरणांच्या तुलनेचा होता. छाती हलली, कॅप्नोग्राफ (श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख) आला, लिहून टाकलं, इतकं सोपं वाटलं होतं.

पायलटमधल्या (आधीच्या छोट्या चाचणीतल्या) तिसऱ्या पेशंटला आय-जेल घातलं, पण छाती हलेना. अर्धवट मागे घेतलं, जबडा उचलला, पुन्हा सरकवलं, बसलं. मी लिहिलं, ‘पहिल्या प्रयत्नात यशस्वी’. सरांनी विचारलं, “हा एक प्रयत्न की दोन?” मला उत्तर देता आलं नाही, कारण प्रोफॉर्मात (नोंदीच्या फॉर्ममध्ये) व्याख्याच नव्हती. मग ठरवलं: उपकरण तोंडाबाहेर पूर्ण आलं की प्रयत्न संपला, आतल्या आत हलवलं तर ‘फेरफार’, त्याचा रकाना वेगळा. वेळही उपकरण हातात घेतल्यापासून कॅप्नोग्राफवर पहिली चौकोनी लाट दिसेपर्यंतच मोजायची. एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी हे कागदावर हवं, आणि पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआय (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची नोंदवही) इथे नोंदणी.

लीक प्रेशर (उपकरणाच्या कडेने हवा निसटू लागते तो दाब) मात्र घाईत घेऊ नका. एपीएल व्हॉल्व्ह (जादा वायू बाहेर सोडणारी झडप) बंद, ताजा वायू मिनिटाला ३ लिटर, नजर प्रेशर गेजवर. काटा चढत जातो, मग एका जागी थबकतो आणि तोंडातून हवा निसटल्याचा बारीक आवाज येतो. तोच आकडा. ४० सेंमी पाण्याच्या वर कधीच जाऊ देऊ नका. प्रोसीलच्या कफचा (घशात हवेने फुगवायच्या कडेचा) दाब मॅनोमीटरने मोजून ६० सेंमी पाण्याच्या आत ठेवा. भुलेचा नायट्रस ऑक्साइड वायू कफमध्ये शिरून तो वाढवतो, म्हणून मधूनमधून पुन्हा बघा. आय-जेलला हवेचा कफच नाही. प्रोसीलचा कफ जास्त फुगलेला राहिला, तर घसा दुखल्याचा दोष विनाकारण प्रोसीलच्या माथी बसतो.

घशाचं दुखणं विचारायचं काम, कुठलं उपकरण वापरलं हे माहीत नसलेल्या सहकाऱ्याला द्या. आपल्याकडे सोलापुरात तेलुगू आणि कन्नडही लागतं. पूर्व भागातल्या एक विडी कामगार मावशी माझ्या प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होत्या. सिस्टरांनी तेलुगूत विचारलं तेव्हा कळलं, घसा दुखत नव्हता, आवाज बसला होता. प्रोफॉर्मात ‘आवाज बसणे’ हा रकाना त्या दिवशी वाढला.