गावचं बंद घर: गणपतीला जाण्याआधी घरपट्टीची तयारी

किल्ल्या, पूजेचं सामान, गाडीचं तिकीट हे कोणी विसरत नाही. एका कागदावर घराचा मिळकत क्रमांक लिहा, खाली तुमचा मुंबईचा पत्ता आणि चालू मोबाईल नंबर. पत्ता नोंदवण्याचा हा अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा. मागच्या खेपेला माझा हाच राहिला होता. घर बंद दिसलं की घरपट्टीचं मागणीबिल दाराच्या फटीतून आत जातं, नोटीस दाराला चिकटते, आणि एका पावसाळ्यात दोन्हींचा लगदा होतो. थकबाकी मात्र वाढतच राहते. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी सांगून येऊ नका.

जुन्या पावत्या शोधा. नसतील तर नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणी नोंदवहीचा, उतारा मागा, घर कोणाच्या नावावर आहे ते त्यात कळतं. आजोबांचंच नाव असेल तर वारसांची कागदपत्रंही बरोबर घ्या.

घर सामाईक असेल तर निघण्याआधी भावकीत फोन करा. दादाने पट्टी भरली असेल या भरवशावर चारही घरांतून कोणीच भरत नाही. आणि एकाने भरली म्हणून घर त्याचं होत नाही. पट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे. ही भीती काढून टाका आणि भरा.

गुहागर, कुडाळ, देवगड-जामसंडे इथे आता नगरपंचायत आहे. तिथे थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. पाच हजार थकले तर वर्षाला बाराशे रुपये वर, तेही रिकाम्या घरासाठी! तिथेही पत्ता आणि नंबर द्या. ग्रामपंचायतीत दिलेला पुढे गेला असेल असं धरू नका.

लाईटबिलाचंही तेच. वीज तोडण्याआधी १५ दिवसांची नोटीस देतात, पण ती बंद घरीच गेली तर तुम्हाला कळणार कसं? महावितरणकडे मोबाईल नंबर नोंदवा. आजच. कायमची तोडली तर नव्या जोडणीचे सगळे सोपस्कार आले, आणि तोवर पंप बंद.

पाणीपट्टी वेगळी विचारा. जमिनीचा सारा तलाठ्याकडे. घरपट्टीची थकबाकी जप्तीपर्यंत जाऊ देऊ नका, तो अधिकार ग्रामपंचायतीला आहे. चतुर्थीच्या तोंडावर कार्यालयात माणूस भेटत नाही, दोन दिवस आधी पोहोचा. पावतीवर कोणत्या वर्षाची रक्कम लिहिली आहे ते खिडकीवरच वाचून घ्या.