मेंदूतला रक्तस्राव: कोड शोधण्याआधीचा प्रश्न

इनपेशंट कोडिंगमध्ये, म्हणजे भरती झालेल्या पेशंटच्या चार्टमधल्या (नोंदींमधल्या) निदानांना आयसीडी-१०-सीएमचे कोड लावण्याच्या कामात, नव्याने आलेल्यांना हार्टचे चार्ट अवघड वाटतात आणि मेंदूतला रक्तस्राव सोपा. सीटी झालेला असतो, रक्त कुठे साचलंय ते रिपोर्टात असतं, मग राहिलं काय? आय-६० सबअरॅक्नॉइड (मेंदूच्या आवरणांमधला), आय-६१ मेंदूच्या आतला, आय-६२ मध्ये सबड्युरल (बाहेरच्या आवरणाखालचा), एक्स्ट्राड्युरल (त्या आवरणाबाहेरचा) आणि उरलेलं. सीपीसी किंवा सीसीएस या कोडिंगच्या परीक्षांची तयारी केलेल्यांना हे पाठ असतं, त्यावर वेळ घालवत नाही.

घोडं अडतं ते त्याच्या आधी. रक्तस्राव आपोआप झाला की मार लागून? मार लागून असेल तर 'आय'चं प्रकरण बंद करून एस-०६ (डोक्याच्या आतल्या इजेचे कोड) उघडायचं. त्याच रक्तस्रावाला दोन्ही कोड चालत नाहीत, आय-६० ते आय-६९ च्या सुरुवातीलाच एक्सक्लुड्स-१ ('हे दोन एकत्र लावू नका') या टिपेत तसं छापलंय.

आता असा चार्ट डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेतलं हॉस्पिटल, ८१ वर्षांच्या बाई, घरात जमिनीवर पडलेल्या सापडल्या, वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू, सीटीत सबड्युरल. पडल्यामुळे रक्त साचलं, की आधी रक्त साचलं आणि त्यामुळे तोल गेला? इमर्जन्सीच्या नोटमध्ये 'फॉल', न्यूरोसर्जनच्या नोटमध्ये 'सबड्युरल हिमॅटोमा', डिस्चार्ज समरीत 'सबड्युरल हेमरेज'. कारण कुणीच लिहिलेलं नाही.

मी फिजिओथेरपी करून या क्षेत्रात आले आणि नेमकं माझं शिक्षणच इथे आडवं आलं. अ‍ॅनाटॉमी येत असली की डोकं परस्पर निदान करू लागतं. वय जास्त, मेंदू आकसलेला, ब्रिजिंग व्हेन्स (मेंदू आणि आवरणामधल्या शिरा) ताणलेल्या, जराशा धक्क्याने फुटणारच, म्हणजे ट्रॉमा. तर्क कदाचित बरोबरही असेल. पण तो तुमचा तर्क आहे, चार्टमधली नोंद नाही. बीएचएमएस, बीएएमएस, बीपीटी करून आलेल्यांनो, हे तुम्हाला बीएस्सीवाल्यांपेक्षा जास्त छळणार आहे.

कोडच्या पुस्तकातल्या इंडेक्सवर भिस्त ठेवाल तर तोही दगा देतो. 'हेमरेज'खाली सबड्युरलपुढच्या कंसात नॉनट्रॉमॅटिक असतं, 'हिमॅटोमा'खाली ट्रॉमॅटिक. म्हणजे वरच्याच चार्टमध्ये सर्जनची नोट धरली तर एस-०६, डिस्चार्ज समरी धरली तर आय-६२. ऑपरेशन झालेलं नसेल आणि हेच मुख्य निदान असेल तर पहिल्या वाटेने डीआरजी (हॉस्पिटलचं पेमेंट ठरवणारा गट) ०८२ ते ०८७ मध्ये कुठेतरी लागतो, दुसऱ्या वाटेने ०६४ ते ०६६ मध्ये. ऑडिटर नेमकं इथेच बोट ठेवतो.

उपाय एकच, क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न. तीही नीट लिहा. 'पेशंट पडली होती, तर हे ट्रॉमॅटिक समजावं का?' ही क्वेरी नव्हे, डॉक्टरांच्या तोंडी शब्द घालणं झालं. फॉल कुठल्या नोटमध्ये आहे, सीटीत काय दिसलं, वॉरफरिन कधीपासून, हे मांडा आणि पर्याय द्या: ट्रॉमॅटिक, नॉनट्रॉमॅटिक, अन्य, सांगता येत नाही. पैशांचा, डीआरजीचा उल्लेख चुकूनही नको. अहिमा आणि एसीडीआयएस या अमेरिकन संस्थांची क्वेरीबद्दलची मार्गदर्शिका २०२२ मध्ये सुधारली आहे, ती मुळातून वाचा. क्वेरी पाठवली की चार्ट लटकतो, प्रॉडक्शन (दिवसाला पूर्ण होणारे चार्ट) घसरतं, टीम लीड तोंड वाकडं करतो. करू दे. सुरुवातीला सगळ्यांचंच प्रॉडक्शन घसरतं आणि त्यापायी कुणाचं करिअर बुडालेलं मी पाहिलेलं नाही.

एस-०६ नक्की झालं की सहावं कॅरेक्टर बेशुद्धीचं. ० म्हणजे शुद्ध हरपली नव्हती. ९ म्हणजे हरपली होती, किती वेळ ते माहीत नाही. हरपली की नाही हेच कळत नसेल तर ए, आणि हा ए ऑक्टोबर २०२२ पासून आला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बऱ्याच पीडीएफमध्ये तो नाहीच. त्या चीटशीटबद्दल माझं मत वाईट आहे, ऐकायचं तर ऐका. पुस्तक दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलतं, चीटशीट बनवणारा मात्र कधीच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

बाकीचं थोडक्यात. वॉरफरिन चालू आहे एवढ्यावर झेड७९.०१ मिळतो. डी६८.३२ आणि टी४५.५१५ए तेव्हाच, जेव्हा रक्तस्राव औषधामुळे असं डॉक्टर म्हणतात. एनआयएचएसएसचा (स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या स्केलचा) आर२९.७ इन्फार्क्टसोबत (रक्तपुरवठा बंद पडून झालेल्या स्ट्रोकसोबत) जातो, नुसत्या रक्तस्रावाला जोडू नका. 'मिडलाइन शिफ्ट' (मेंदूचा मध्य बाजूला सरकणं) हा रेडिओलॉजिस्टचा शेरा आहे. त्यावरून जी९३.५ (मेंदूवर दाब) लावण्याचा मोह होतो, कारण तो एमसीसी (पेमेंट वाढवणारी मोठी गुंतागुंत) आहे. हात आवरा. अटेंडिंगने (उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांनी) ब्रेन कॉम्प्रेशन लिहिलेलं हवं, आणि ते ट्रॉमामुळे असेल तर एस०६.ए.

गुरू शोधताना 'शंभर टक्के प्लेसमेंट'वाल्या क्लासपेक्षा चिडका ऑडिटर बरा. कोड विचारल्यावर जो लगेच आकडा सांगतो त्याच्याकडे परत जाऊ नका. 'टॅब्युलर (पुस्तकातली कोडची क्रमवार यादी) उघड, वरची टीप वाच' म्हणणाऱ्याला धरून ठेवा. पुण्यात, ऐरोलीत अशी माणसं आहेत, फक्त गोड बोलत नाहीत.

आणि हा प्रश्न डिस्चार्जबरोबर संपत नाही. त्याच बाई काही महिन्यांनी डाव्या बाजूचा अर्धांगवायू घेऊन परत आल्या, तर सबड्युरल आपोआप झालेलं असल्यास आय६९.२५ च्या गटात जायचं. प्रबळ हात कुठला ते लिहिलेलं नसेल तर डावी बाजू अप्रबळ धरायची. मार लागून झालेलं असेल तर आय-६९ चा संबंधच नाही, आधी जी-८१ (अर्धांगवायूचा कोड) आणि मागून एस-०६, सातव्या जागी एस (जुन्या इजेचा परिणाम). यातला कुठला ते आताच्या अ‍ॅडमिशनच्या नोंदींवरून ठरवायचं, नुसत्या जुन्या डिस्चार्ज समरीवरून नाही, आणि तिथे कारण लिहिलेलं नसेल तर पुन्हा क्वेरी.