सहकारी बँकेच्या संचालकांनी टाळाव्यात अशा चुका

सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला दिलेल्या कबुलीनुसार एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे सुमारे 6,500 कोटी रुपये, म्हणजे एकूण कर्जवाटपाच्या 70 टक्क्यांहून अधिक रक्कम, अडकली होती.

सर्वांत घातक चूक म्हणजे बँकेची पत जपण्यासाठी थकीत कर्ज लपवणे. समूहाची खाती थकीत दाखवली तर बँकेची बदनामी होईल, असेच कारण त्या कबुलीतही होते. असा निर्णय घेणाऱ्याला तो अफरातफर वाटत नाही, उलट संस्था वाचवल्याचे समाधान मिळते, आणि म्हणूनच तो धोकादायक असतो. कारण पहिला आकडा दडवला की पुढच्या प्रत्येक ताळेबंदात तो दडवावाच लागतो. या प्रकरणात पोलिसांच्या म्हणण्यानुसार समूहाच्या 44 खात्यांच्या जागी 21,049 बनावट कर्जखाती दाखवली गेली. थकबाकी वेळेवर जाहीर झाली असती तर नफा बुडाला असता, पण हजारो कुटुंबांची आयुष्यभराची बचत अडकली नसती, असे माझे ठाम मत आहे.

जुन्या, मोठ्या कर्जदाराला नियमांतून सवलत देणे ही दुसरी चूक. अडचणीच्या काळात त्याने बँकेला हात दिला असेल, तरी ती कृतज्ञता ठेवीदारांच्या पैशातून फेडण्याचा अधिकार कोणत्याही संचालकाला नाही.

लेखापरीक्षण झाले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असेही मानू नये. लेखापरीक्षक वेळेअभावी केवळ नव्याने वाढलेली कर्जे तपासत होते, असे त्याच कबुलीत नमूद होते. ठेवतारणावरील, म्हणजे मुदत ठेव तारण ठेवून घेतलेल्या, लहान कर्जांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि बनावट खाती नेमकी तशीच दाखवलेली होती.

शंका आल्यास सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांची यादी व्यवस्थापनाने तयार केलेल्या तक्त्यातून न घेता थेट कोअर बँकिंग प्रणालीतून (सर्व खात्यांची नोंद ठेवणाऱ्या बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीतून) मागवावी, जुने कर्ज कोणत्या पैशातून फिटले ते विचारावे आणि संशयास्पद ठेवतारण खात्यांमागील ठेवी खरोखर अस्तित्वात आहेत का, ते पडताळावे. उत्तर टाळले गेल्यास आपला विरोध सभेच्या इतिवृत्तात शब्दशः नोंदवून घ्यावा आणि रिझर्व्ह बँकेला लेखी कळवावे.