जुन्या पीसीत प्रोसेसर बदलताय? आधी बोर्ड बघा

घरात 2011-12 चा पीसी असेल, आत इंटेलचा एच61 बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड) आणि पेंटियम किंवा आय3 प्रोसेसर, तर लगेच भंगारात काढू नका. पण आधी सांगा, एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान ड्राइव्ह) बसवलीय का? नसेल तर पहिले पैसे तिथे घाला. हार्ड डिस्कवरच्या पीसीला कुठलाही प्रोसेसर द्या, चालू होताना तो रडणारच.

एसएसडी असूनही चार टॅब उघडले की धाप लागत असेल, तर विंडोजच्या रनमध्ये ‘एमएसइन्फो32’ (msinfo32) टाका. बोर्डाचं मॉडेल कळेल. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर कुठले प्रोसेसर चालतात ते दिलेलं असतं. त्यात नाव नसेल तर घेऊ नका, दुकानदार ‘बसतो हो’ म्हणाला तरी. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. इंटेलच्या चौथ्या पिढीचे प्रोसेसर तर बसतही नाहीत. त्यांचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, 1150, आपलं 1155.

माझी पसंती तिसऱ्या पिढीच्या आय5-3470 ला. चार कोअर, 77 वॉट. आय7-3770 दणकट आहे, पण एक्सेल आणि यूट्यूबसाठी कशाला? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात आता हे वापरलेलेच शोधावे लागतात. 3350पी मात्र नको, त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही.

घोडं अडतं ते बायोसपाशी, म्हणजे पीसी चालू होताना बोर्डावर आधी चालणाऱ्या प्रोग्रामपाशी. एच61 बोर्ड दुसऱ्या पिढीच्या काळातले. तिसऱ्या पिढीसाठी बहुतेकांना बायोस अपडेट लागतो. तो जुना प्रोसेसर आत असतानाच करायचा. नंतर स्क्रीनच येणार नाही, मग अपडेट करणार कसा? वीज जाण्याची भीती असेल तर यूपीएस लावा.

आता कॅबिनेट. पीसी दहा मिनिटं चालवून बंद करा म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकमधली वाळलेली थर्मल पेस्ट सुटेल. विजेची वायर काढा. हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या पंख्याच्या धातूच्या ठोकळ्याच्या) चारही पिना बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढा. खटका उघडा, जुना प्रोसेसर कडांना धरून सरळ वर उचला. टोचऱ्या तारा इथे बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. तिथे बोट लावलंत की बोर्ड गेला. नव्याच्या दोन खाचा जुळवा आणि अलगद ठेवा, दाबू नका. खटका लावताना कुरकुर आवाज येतो, घाबरायचं नाही.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी वाटाण्याएवढी. पिना पूर्वीच्या जागी फिरवून समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबा. ‘टक’ ऐकू आलं पाहिजे. पंख्याची वायर जोडा आणि हात लागलाच आहे तर बोर्डावरचा सीआर2032 हा बटणासारखा सेलही बदला.

चालू केल्यावर बायोसमध्ये तापमान बघा. चढतच राहिलं तर एखादी पिन नीट बसलेली नाही, लगेच बंद करा.

विंडोज 11 अधिकृतपणे यावर चालत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मी असल्या पीसीवर सरळ लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकतो.